रोजच्या धावपळीत देवाच्या सान्निध्यात कसं राहता?

मिरजेची_सिस्टर

सर्वांना सलाम.

मी मिरजेत एका रुग्णालयात परिचारिका आहे. घर सांगलीच्या बाजूला, वानलेसवाडीच्या पुढे. घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. सासरी-माहेरी दोन्हीकडे तीन-चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, त्यामुळे शब्बाथ शाळा, वचनांचं पाठांतर, नाताळआधीची कॅरोल, उपवासकाळातल्या घरोघरच्या प्रार्थना हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं.

ड्युटी तीन पाळ्यांत फिरते. नाईट संपवून घरी यावं तर मुलांचे डबे, सासूबाईंची औषधं, मग जेमतेम झोप. रविवारी ड्युटी लागली की उपासना चुकते. प्रभुभोजनाचा (प्रभूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याचा) रविवार तर नेमका ड्युटीतच येतो. पहाटे उठून तासभर बायबल घेऊन बसा, असं प्रत्येक शिबिरात सांगतात. ज्यांना ते जमतं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जिची पहाट वॉर्डात सलाईन बदलण्यात आणि हँडओव्हर लिहिण्यात जाते, तिनं काय करायचं?

मला वेळापत्रक नकोय. प्रार्थनेची वेळ देवाची आणि उरलेला दिवस माझा, अशा दोन कप्प्यांत मला जगायचं नाही. स्तोत्र १३९ मध्ये दावीद विचारतो की तुझ्या समोरून मी पळू कुठे. आकाशात गेलो तरी तू आहेस, अधोलोकात अंथरूण टाकलं तरी तू आहेस. हे खरं असेल तर रात्री तीन वाजता पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डातही तो आहेच. मग मला तिथंच, काम न थांबवता त्याच्याकडे वळता यायला हवं.

आपल्या भागात हे जगून दाखवलेलं आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांनी रुग्णालय उभं केलं. हाती शस्त्रक्रियेची सुरी असलेला माणूस भक्ती बाजूला ठेवून काम करत नव्हता आणि काम बाजूला ठेवून भक्तीही करत नव्हता. त्यांच्याविषयी आम्ही सगळे अभिमानानं बोलतो. मला त्यांच्या मोठेपणापेक्षा त्यांच्या एखाद्या साध्या मंगळवारबद्दल कुतूहल आहे. ओपीडी भरलेली, माणसं थकलेली, अशा दिवशी त्यांचं मन देवाकडे कसं राहत असेल?

मी सध्या एक करते. साबणानं हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. प्रभूची प्रार्थना मनात सावकाश म्हटली की साधारण तेवढाच वेळ होतो. म्हणून हात धुताना ती म्हणायची आणि मग रुग्णाकडे जायचं. सुरुवातीला याचा फार आधार वाटला. पण रात्र चढत जाते तसे शब्द नुसते ओठांवरून वाहतात, मन मात्र औषधांच्या चार्टवर. तेव्हा ती प्रार्थना राहते, की फक्त सवय उरते? तुमचा अनुभव लिहा. उपदेशापेक्षा तुम्ही खरोखर काय करता ते लिहिलंत तर जास्त उपयोग होईल.

---

कृष्णाकाठ_सांगली

ताई, सलाम. मी निवृत्त शिक्षक. प्रश्न वाचून समाधान वाटलं, कारण असा प्रश्न उपाशी माणसालाच पडतो.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो. ठरलेली वेळ सोडू नका. दानीएल बाबेलात मोठ्या हुद्द्यावर होता, परक्या राजाचा कारभार त्याच्या डोक्यावर. तरी दिवसातून तीनदा खिडकीशी गुडघे टेकायचा, आणि त्याच्यावर बंदी आली त्या दिवशीही त्यानं वेळ बदलली नाही (दानीएल ६:१०). आपला प्रभू पहाटे अंधारातच उठून एकांतात जाई (मार्क १:३५). आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी लोटलं होतं, रोगी बरे करता करता रात्र झाली होती, आणि तरी तो पहाटे उठला. त्याला ज्याची गरज वाटली त्याच्यावाचून आपलं भागेल असं मला वाटत नाही.

ती वेळ पहाटेचीच हवी असं मात्र नाही. नाईट करून आलात तर झोपण्याआधीची दहा-पंधरा मिनिटं हीच तुमची पहाट. एक स्तोत्र मोठ्यानं वाचा. मनात वाचलेलं थकलेल्या डोक्यातून निसटतं; स्वतःचा आवाज कानावर पडला की मन जागेवर येतं. आमच्या मंडळीतल्या जुन्या बायका वाचता येत नसूनही अख्खी स्तोत्रं तोंडपाठ म्हणायच्या, जात्यावर, विहिरीवर, रानात. त्यांच्याकडे बायबल हातात धरायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी ते तोंडात ठेवलं.

---

वाईची_वत्सल

काकांच्या शेवटच्या वाक्याला माझा दंडवत.

मी वाईजवळ एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळते. सिस्टर, तुमच्या प्रश्नावर मला बायबलमधला नहेम्या आठवतो, राजाला द्राक्षारस देणारा. राजा त्याला विचारतो, तुझं मागणं काय? नहेम्या सांगतो की मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो… (नहेम्या २:४-५). राजाच्या प्रश्नात आणि त्याच्या उत्तरात किती अंतर असणार? एका श्वासाचं. हातात द्राक्षारसाचा पेला, समोर बादशहा, चुकलं तर जीव जाईल अशी वेळ, आणि त्या श्वासात त्यानं प्रार्थना केली. पेत्र पाण्यात बुडू लागला तेव्हा त्याचीही प्रार्थना तीन शब्दांचीच होती.

पण हाच नहेम्या पहिल्या अध्यायात कित्येक दिवस रडतोय, उपास करतोय, लांबलचक प्रार्थना करतोय. म्हणून काकांचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं मला दोन वाटत नाही. बंद दाराआड जो बसतो त्याच्याच तोंडून गर्दीत चटकन हाक निघते.

मी काय करते ते सांगते. पीठ मळताना एकेका मुलीचं नाव घेते. आज कुणाचा पेपर आहे, कुणाची आई दवाखान्यात आहे, कोण काल रात्री न जेवता झोपली. फार काही मागत नाही. नाव घेते आणि देवापुढे ठेवते. भाकरी वाढताना त्या मुलीकडे बघितलं की लक्षात येतं, हिचं नाव सकाळी घेतलंय. मग आपसूक जरा मऊ बोललं जातं.

---

तासगावचा_बागायतदार

सगळ्यांना सलाम. सिस्टर, तुम्ही म्हणाला खरोखर काय करता ते लिहा, म्हणून लिहितोय.

माझी द्राक्षबाग आहे, थोडा ऊस आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढचे दोन-तीन महिने माणसाचं डोकं आभाळात असतंय. ढग आलं, धुकं आलं की डाऊनीची (वेलीवरच्या बुरशी रोगाची) भीती, मग रात्री उठून ब्लोअर चालू. अशा वेळी आमच्याकडं सगळेच देवाचं नाव घेतात, मीही घेतो. पण मला त्यात फार अवघड काही वाटत नाही. पोटाला चिमटा बसला की हाक मारणं कुणालाही येतं.

अवघड दिवस वेगळा असतोय. व्यापारी माल उचलतो, पैसे पुढच्या आठवड्यात म्हणतो, आणि फोन बंद. हे आमच्या भागाला नवीन नाही. अशा वेळी हात अडकतो आणि पहिली कात्री लागते ती बायकांच्या मजुरीला. विरळणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) येणाऱ्या गावातल्याच बायका असतात. त्यांना 'थांबा जरा, पैसे आले की देतो' म्हणणं फार सोपं असतंय, कारण त्या भांडत नाहीत. दुकानदार भांडतो, बँक भांडते, म्हणून त्यांचं आधी द्यायचं.

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात लिहिलंय की शेत कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडते, आणि ते ओरडणं सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेलंय. लेवीयमध्ये तर मुदतच घालून दिलीय, मजुराची मजुरी रात्रभर तुझ्यापाशी राहू देऊ नको (१९:१३). मी याच्यावर बराच विचार केला. देवाचं सान्निध्य म्हणतो आपण, तर त्याच्या कानात एका बाजूनं माझी प्रार्थना जाणार आणि दुसऱ्या बाजूनं त्या बाईची मजुरी ओरडणार. त्यानं कुणाचं ऐकावं?

म्हणून आमच्या घरात ठरलंय. आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मजुरी वाटायची, मगच घरातली प्रार्थना. उसने काढून द्यावी लागली तरी द्यायची. वडिलांनी ही रीत घातली, मी ती मोडली नाही. आणि अनुभव सांगतो, मजुरी देऊन बसलो की मन लगेच लागतं, वेगळं काही करावं लागत नाही. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर म्हणून प्रभूनं सांगितलंय (मत्तय ५:२३-२४), ते मला तरी असंच समजतं.

दुसरं, उसाच्या टोळ्या. बीडकडनं माणसं येतात, रानात कोपी घालून राहतात, थंडीत तान्ही लेकरं घेऊन. नाताळ नेमका तोडणीच्या हंगामात येतो. आमची बायको करंज्या-शंकरपाळी करते तेव्हा कोपीवरच्या लेकरांचं त्यात धरूनच करते. उरलंसुरलं द्यायचं नाही, हा तिचा नियम. माझ्या मते आमच्या घरातली सगळ्यात मोठी उपासना त्या दिवशी तिच्या परातीत होते.

---

कृष्णाकाठ_सांगली

तासगावकर, ही साक्ष लिहिल्याबद्दल तुमचे उपकार. आजीवन वेळेचं महत्त्व शिकवलं मी, पण त्या वेळेआधी काय चुकतं करायचं असतं हे तुम्ही नेमकं सांगितलंत. लेवीयचं वचन पुढच्या अभ्यासवर्गात घेतो.

---

कोयनाकाठ

आम्ही सातारा जिल्ह्यातले कॅथलिक, पुणे धर्मप्रांतातले. आमच्याकडची एक जुनी पद्धत सिस्टरना उपयोगी पडेल.

संत इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी आपल्या अनुयायांना दिवसअखेरीच्या आत्मपरीक्षणाची सवय लावली. आमचे फादर ती अशी शिकवतात: आधी दिवसाबद्दल आभार माना. मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागा. मग सकाळपासूनचा दिवस हळूहळू डोळ्यांपुढून जाऊ द्या, कुठं देव जवळ होता, कुठं मी पाठ फिरवली. जे चुकलं त्याची क्षमा मागा आणि उद्याच्या एखाद्या गोष्टीसाठी बळ मागा. पाच-दहा मिनिटांत होतं. बसमध्येही होतं. मी सातारा-कराड प्रवासात करतो.

याचा फायदा असा की दिवसभर सतत जाणीव राहिली पाहिजे हे ओझं उतरतं. याकोब बेथेलला झोपेतून उठल्यावर म्हणाला की परमेश्वर इथं होता आणि मला कळलंच नाही (उत्पत्ती २८:१६). त्यालाही मागाहूनच कळलं. तुम्हाला रात्री तीन वाजता चार्ट भरताना देव आठवला नाही, ठीक आहे. सकाळी बसमध्ये तीच रात्र पुन्हा बघा. त्या घाईत दिसला नव्हता तो तिथं सापडेल.

---

फलटणचा_वारकरी

राम कृष्ण हरी. मी ख्रिस्ती नाही. धागा वाचत होतो आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, चालत नसेल तर काढून टाका.

सिस्टरताई, हात धुतानाचा तुमचा प्रश्न आमच्याकडे रोजचाच आहे. माउलींची पालखी लोणंद-फलटणवरून जाते, घरात लहानपणापासून नामस्मरण. नाम घेताना मन पळतं, हे प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे. आमचे आजोबा सांगायचे, मन पळालं म्हणून नाम सोडायचं नाही. मन पळाल्याचं तुला कळलं, त्याच क्षणी ते परत आलेलं असतं. ओठ चालू होते म्हणून त्याला परत यायला जागा राहिली.

तुमच्या परंपरेत हा धागा आहेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. पुढे दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. साताऱ्यात ज्या माणसानं एवढं मोठं दार उघडं ठेवलं, त्याच्या भरवशावर मी तुमच्या अंगणात आलोय.

---

वाईची_वत्सल

दादा, काढून कशाला टाकायचं? आजोबांचं वाक्य मी स्वयंपाकघरात लिहून लावते.

---

वचन_प्रथम

सर्वांचा, पाहुण्या दादांचाही मान ठेवून लिहितो. प्रभूनं स्पष्ट सांगितलं आहे की परराष्ट्रीयांप्रमाणे निरर्थक बडबड करू नका, फार बोलल्यानं आपलं ऐकलं जाईल असं त्यांना वाटतं (मत्तय ६:७). तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं, मग ती प्रभूची प्रार्थना का असेना, यात मला धोका वाटतो. सिस्टरनी स्वतःच लिहिलंय की शब्द नुसते ओठांवरून वाहतात. मग देवाशी आपल्या शब्दांत मोकळं का बोलू नये?

---

मिरजेची_सिस्टर

दादा, तुमची भीती मी हलकी मानत नाही. मीही तोच प्रश्न घेऊन इथं आलेय. पण त्या वचनाच्या आसपास वाचलं तर मला थोडं वेगळं दिसतं. सातव्या ओवीत प्रभू बडबड नको म्हणतो, आणि नवव्या ओवीत तोच ठरावीक शब्दांची प्रार्थना देतो. सुरुवातीच्या मंडळीत ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायची रीत होती. गेथशेमानेत तो स्वतः तिसऱ्यांदा पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो (मत्तय २६:४४). आणि स्तोत्र १३६ मध्ये २६ ओव्या आहेत, प्रत्येक ओवीच्या शेवटी एकच पालुपद आहे, त्याची दया सनातन आहे.

मला वाटतं त्याची मनाई मोजून देवाला बांधून घेण्याला आहे. इतक्या वेळा म्हटलं, आता तू ऐकलंच पाहिजेस, असं. थकलेल्या माणसानं धरून ठेवलेल्या शब्दांना नाही. दोन तास उभं राहून पाय भरून आले की मला स्वतःचे शब्द सुचतच नाहीत. तेव्हा प्रभूनं दिलेले शब्द हाताशी असतात, आणि त्यात 'आमचा पिता', 'आमची भाकर' असतं. एकटीनं म्हटलं तरी त्यात सगळा वॉर्ड येतो.

---

वचन_प्रथम

मोजून बांधून घेणं, हे बरोबर. त्याच्या पुढच्याच ओवीत आहे की तुम्ही मागण्याआधीच पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. ते आठवून म्हणत असाल तर माझा आक्षेप नाही.

---

हरिपूर_संगम

इथं सगळ्यांनी चांगलं लिहिलंय. मला एक बाजू मांडायची आहे, ती कुणी मांडली नाही.

मी हरिपूरची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमचं घर पाण्यात होतं. त्यातून उभं राहतोय तोवर करोना आला आणि त्यात माझे यजमान गेले. शेवटी भेटायलाही मिळालं नाही.

तेव्हापासून मला देव जवळ वाटत नाही. हे मी कटुतेनं लिहीत नाही, जसं आहे तसं लिहितेय. मी रविवारी उपासनेला जाते, गीतं म्हणते, प्रभुभोजन घेते. महिला मंडळात माझी पाळी आली की प्रार्थनाही चालवते. आणि आत शांत आहे, पण ती शांती नाही, नुसती शांतता. लोक म्हणतात विश्वास वाढवा, मनापासून मागा, सान्निध्य जाणवेल. दुःखातल्या माणसाला असं म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती. ज्याला काही जाणवत नाही त्याला तुझ्या मागण्यात खोट आहे असं सांगितलं, तर त्याच्याकडे उरलेलं थोडंसुद्धा तुम्ही काढून घेता.

मला धरून ठेवलं ते स्तोत्र ८८ नं. बाकीची बहुतेक विलापगीतं शेवटाकडे वळतात, तरीही मी तुझं स्तवन करीन असं काहीतरी येतं. हे वळत नाही. माझे जिवलग तू दूर केलेस, असं म्हणून ते अंधारातच संपतं. आणि तरी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत देवालाच उद्देशून आहे. पाठ फिरवलेला माणूस असं बोलत नाही. शास्त्रात हे ठेवलंय, काढून टाकलं नाही, म्हणजे माझ्यासारखीला मंडळीत जागा आहे, असं मी समजते. स्वतःचे शब्द येत नाहीत तेव्हा मी रोज ते स्तोत्र म्हणते. सिस्टर, तुमच्या ओठांवरून शब्द वाहतात म्हणता, माझे कित्येक महिने तसेच गेलेत. ते वाया गेले असं मला वाटत नाही.

आणखी एक. मत्तय २५ मध्ये राजा उजवीकडच्यांना म्हणतो की मी भुकेला होतो, आजारी होतो, तुम्ही माझ्याकडे आलात. ते काय म्हणतात? प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना काहीच जाणवलं नव्हतं! त्यांनी पाणी दिलं, भाकर दिली, आजाऱ्याजवळ बसले आणि घरी गेले. तो तिथं होता आणि त्यांना पत्ता नव्हता, आणि त्यांच्या ध्यानात आलं नाही म्हणून राजा त्यांना एक शब्दही बोलला नाही. मी शेजारच्या आजींना रोज डबा देते. देताना मला काही वाटत नाही. या वचनावर भरवसा ठेवून देते.

---

वाईची_वत्सल

ताई, काय लिहू. तुमचं नाव माहीत नाही, 'हरिपूरच्या ताई' म्हणून उद्या पीठ मळताना घेईन.

---

तासगावचा_बागायतदार

ताई, आमच्या घरच्या प्रार्थनेत आज स्तोत्र ८८ वाचलं. आई म्हणाली, अण्णा गेले तेव्हा हे कुणी वाचून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

---

मिरजेची_सिस्टर

हरिपूरच्या ताई, तुमचं लिहिणं मी ड्युटीवर जाण्याआधी वाचलं आणि रात्रभर ते माझ्याबरोबर होतं.

आमच्याकडे वारंवार सांगतात, रुग्णात ख्रिस्त पाहा. ऐकायला फार सुंदर आहे, पण मला त्यात नेहमी काहीतरी टोचायचं. खाट नंबर सातवरचे आजोबा हे आजोबा आहेत. त्यांना जतचं गाव आहे, जमिनीचा तंटा आहे, कण्हताना ते म्हशीचं नाव घेतात. त्यांच्यातून आरपार बघून मी पलीकडे ख्रिस्त शोधू लागले तर आजोबांकडे बघणार कोण? तुम्ही दाखवलंत की उजवीकडच्या लोकांनीही तसं काही शोधलं नव्हतं. त्यांनी भुकेल्याकडे भुकेला म्हणूनच पाहिलं. मी आजोबांकडे नीट पाहिलं, त्यांची कूस वेळेवर बदलली, पाठीला जखम होऊ दिली नाही, तर त्यात कोण होतं ते राजा सांगेल.

याला जोडूनच एक. माझ्या वॉर्डात बहुतेक रुग्ण ख्रिस्ती नसतात. मंडळीतले काहीजण विचारतात की सिस्टर, तुम्ही प्रार्थना का करत नाही मोठ्यानं, साक्ष का देत नाही. माझं मत पक्कं आहे. खाटेवरचा माणूस अडलेला असतो. त्याचं दुखणं माझ्या हातात असताना मी माझा विश्वास त्याच्यापुढे मांडला, तर त्याला नाही म्हणायची मोकळीक राहत नाही. म्हणून मी आपणहून काही म्हणत नाही. कुणी स्वतः होऊन म्हणालं, सिस्टर, माझ्यासाठी देवाला सांगा, तर हात धरून दोन वाक्यं म्हणते. बाकी मनात. दर्ग्याचा गंडा असो, गळ्यात तुळशीची माळ असो, ड्रेसिंग करताना ती बाजूला सारायची तर मी विचारून सारते. माझ्या प्रभूनंही बरं करण्याआधी माणसाला विचारलं होतं, तुला बरं व्हायचंय का (योहान ५:६).

रात्री कुणी दगावलं तर शरीर स्वच्छ करताना मी नाव घेऊन बोलते, आता कूस बदलते हं काका, असं. माझ्या हाताखालच्या नवीन मुलींनाही तसंच शिकवते. त्यांच्यापैकी कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी बौद्ध. त्या वेळी मी कुठली प्रार्थना म्हणते ते त्यांना ऐकू येत नाही, पण त्या आवाज खाली आणतात.

काका, नाईटनंतर एक स्तोत्र मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आहे. सासूबाई पलीकडून पुढची ओवी म्हणतात, त्यांना माझ्याहून जास्त पाठ आहेत. कोयनाकाठ दादा, तुमचं आत्मपरीक्षण मिरज-सांगली बसमध्ये बसतं. रात्र पुन्हा बघताना काल एका नातेवाइकाशी किती तुटक बोलले ते दिसलं. आज त्यांना आधी शोधून भेटेन.

आता राहिला रविवारचा प्रश्न. त्यावर कुणी काही करतं का?

---

मिरज_जंक्शन

मी रेल्वेत आहे, रनिंग स्टाफ. आमचाही रविवार ठरलेला नसतो. पहिलं म्हणजे ड्युटीमुळे उपासना चुकली म्हणून मन खाऊ नका. प्रभूनं शब्बाथाला रोगी बरे केले, आणि विचारलं तेव्हा म्हणाला की माझा पिता आजवर काम करत आहे आणि मीही करत आहे (योहान ५:१७). रुग्णालय आणि रेल्वे रविवारी बंद ठेवता येत नाही.

पण एकटं राहायचीही सवय लावून घेऊ नका. ती हळूहळू लागते आणि कळत नाही. आम्ही पाळीवाल्या काही कुटुंबांनी पाळकसाहेबांना भेटून सांगितलं, की आम्ही यायला कंटाळा करत नाही, आम्हाला येता येत नाही. त्यांनी आठवड्यात मधल्या एका संध्याकाळी छोटी उपासना सुरू केली आणि प्रभुभोजनाच्या रविवारनंतर त्यातच प्रभुभोजन देतात. दहा-बारा माणसं असतात. पोलिसातले एक आहेत, एसटीतले एक, दोन परिचारिका.

---

मिरजेची_सिस्टर

आमच्या मंडळीत असं नाही. पाळकसाहेबांशी थेट बोलावं की कमिटीकडे अर्ज द्यावा?

---

मिरज_जंक्शन

आधी साहेबांना घरी जाऊन भेटा, एकट्या जाऊ नका, आणखी दोन-तीन पाळीवाली घरं बरोबर घ्या. मग कमिटीला लेखी द्या. अर्जात कोण, कुठं कामाला, कोणते रविवार मिळत नाहीत एवढंच लिहा. खोली उघडणं, चटया घालणं, झाडणं आम्ही करू असंही लिहा, म्हणजे चर्चच्या शिपायावर भार येत नाही. आमचा अर्ज याच मुद्द्यावर मंजूर झाला. आणि हरिपूरच्या ताई, तुम्हाला जमत असेल तर आमच्या संध्याकाळच्या उपासनेला या. तिथं फार बोलत नाहीत, दोन स्तोत्रं वाचतात आणि बराच वेळ गप्प बसतात.

---

हरिपूर_संगम

कोणता वार आणि किती वाजता?

---

मिरज_जंक्शन

बुधवार, सात. परतीच्या बसची काळजी करू नका, आमच्यातलं एक कुटुंब सांगलीलाच राहतं, ते सोडतील. निरोपात पत्ता पाठवतो.